हापूसच्या पेट्या आणि ढगातली वही

एप्रिलच्या सकाळी रत्नागिरीच्या बागेतून हापूसच्या पेट्या गाडीत चढतात आणि तिकडे वाशीच्या बाजारातल्या गाळ्यावर मोबाइलवर आकडा उमटतो: इतक्या पेट्या निघाल्या. क्लाउड सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बागायतदाराला हे कसं साधतं?

पूर्वी बागेत एक वही, पॅकिंगच्या खोलीत दुसरी, गाळ्यावर तिसरी. तिन्हींचा मेळ बसेपर्यंत आंबा पिकत राही. क्लाउडमध्ये वही एकच. क्लाउड म्हणजे ढग, पण ही वही खऱ्या ढगात नसते. ती डेटा सेंटर नावाच्या इमारतीतल्या संगणकांवर असते. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रं सुरू केली. गावची विहीर आठवा: पाणी एकाच जागी, रहाट अनेक. आपला मोबाइल हा फक्त रहाट.

शेवटची पेटी दोघांनी एकाच क्षणी विकली तर? सॉफ्टवेअर त्या नोंदीला क्षणभर कुलूप लावतं, पहिली विक्री लिहितं आणि दुसऱ्याला 'शिल्लक शून्य' दाखवतं. नोंदींच्या प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवल्या जातात. त्यामुळे एखादं यंत्र बिघडलं तरी हिशेब सहसा बुडत नाही.

हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. त्यासाठी मोठा संगणक विकत घेण्याऐवजी विजेच्या मीटरसारखं वापरापुरतं भाडं भरता येतं. बाग वाढली, तर जागाही वाढवून मिळते. जोराचा पाऊस आला आणि नेटवर्क गेलं, तर काही अ‍ॅप नोंद मोबाइलमध्येच जपतात आणि नेटवर्क आल्यावर पुढे पाठवतात.

आंबा थांबत नाही. म्हणून त्याचा हिशेबही थांबून चालत नाही.