एकदा हरलं की संपलं?

आमच्या झाडीपट्टीत खेळांचा हंगाम पंचांगावर ठरत नाही, धानावर ठरतो. कापणी झाली, चुरणे आटोपले, धान घरात आले, की गावागावांतून मंडईचे ढोल वाजू लागतात. मंडईच्या मागोमाग दंडार, नाटके आणि कबड्डीचे सामने येतात. मोकळ्या झालेल्या बांधीत माती सारखी करून, पाणी मारून, चुन्याच्या रेषा आखल्या जातात. बांबूवर दिवे चढतात. मोहाडी, तुमसर, तिरोडा, कुठून कुठून संघ टेम्पोत बसून येतात. आमचे आंधळगाव तसे कोष्ट्यांच्या मागांचे आणि कोशाच्या कापडाचे गाव. पण कबड्डीच्या रात्री मागावरचा माणूसही उठून मैदानाच्या दोरीपाशी येऊन बसतो.

या साऱ्या सामन्यांचा नियम एकच असतो आणि तो जाहिरातीच्या कागदावर ठळक छापलेला असतो : ‘स्पर्धा बाद पद्धतीने खेळविण्यात येईल.’ म्हणजे जिंकलात तर पुढे, हरलात तर घरी. या एका ओळीबद्दल मला आज वाचकांशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. आयुष्याची बरीच वर्षे मी गळ्यात शिट्टी अडकवून काढली. शाळेच्या मैदानावर पोरांना आणि पोरींना चढाई-पकड शिकवली, गावोगावी पंच म्हणून उभा राहिलो, रात्ररात्र गुणलेखकाच्या टेबलाशी बसलो. या काळात सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न कोणता, असे कुणी मला विचारले तर तो पंचांच्या निर्णयाविषयीचा नाही. पहिल्याच फेरीत हरलेल्या एका संघाच्या कप्तानाने तो अगदी नेमक्या शब्दांत विचारला होता : “सर, हरल्याचं काही नाई वाटत आमाले. पर दोन मयने तयारी केली, अन् चाळीस मिनटांत वापस जाचं?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर होते, पण ते आकड्यांत होते. सोळा संघ आले आणि बाद पद्धतीने खेळवले, तर एकूण सामने होतात पंधरा. पहिल्या फेरीनंतर आठ संघ, म्हणजे आलेल्यांपैकी निम्मे, एकच सामना खेळून परततात. उलट प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, म्हणजे पूर्ण साखळी करायची ठरवली, तर सामने होतात एकशे वीस! इतके सामने खेळवायला गावाकडे ना रात्री असतात, ना वीज, ना पैसा. म्हणून आयोजक बाद पद्धतीला चिकटून राहतात, आणि त्यांचे तरी काय चुकले?

पण या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे. सोळा संघांचे चार गट पाडावेत. गटात चारही संघांनी एकमेकांशी खेळावे, म्हणजे गटात सहा आणि एकूण चोवीस सामने. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढे जावेत. मग उपान्त्यपूर्व फेरीचे चार, उपान्त्य फेरीचे दोन आणि अंतिम सामना असे सात. एकूण बेरीज एकतीस. पंधराच्या दुप्पट आणि वर एक. दोन मैदाने आखली आणि एका सामन्याला मध्यंतरासह तासभर धरला, तर साधारण सोळा तासांचा खेळ. शनिवारची रात्र आणि रविवारचा दिवस यांत हे बसते. आणि मोबदल्यात काय मिळते? टेम्पोचे भाडे भरून आलेला प्रत्येक संघ किमान तीन सामने खेळून जातो.

कुणी म्हणेल, गावच्या इनामी सामन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? हौसेचा खेळ तो. खरे आहे. पण हीच बाद पद्धत शालेय स्पर्धांत येते, तेव्हा प्रश्न हौसेचा राहत नाही. शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढतात. सांघिक खेळात सहसा जिंकलेलाच संघ पुढच्या पायरीवर जातो. वयोगट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे. तालुक्याच्या मैदानावर सकाळी नऊ वाजता एक सामना हरला, की त्या मुलामुलींचे ते वर्ष संपले. ज्यांचे त्या वयोगटातले शेवटचे वर्ष असेल, त्यांचा तो दरवाजाच बंद झाला.

दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण तुम्ही कोणत्या पातळीपर्यंत पोचलात यावर अवलंबून असतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. तेही मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळते. ज्या घरात दोन एकर धानाशिवाय दुसरे काही नाही, त्या घरच्या मुलासाठी ते प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद नसतो. आणि मुलींचे तर विचारूच नका. पोरीला खेळायला बाहेरगावी पाठवायचे की नाही यावर घरात आधी चार दिवस चर्चा झालेली असते. मोठ्या मुश्किलीने परवानगी मिळते. मग चिठ्ठ्यांमध्ये पहिल्याच फेरीत गतवर्षीच्या विजेत्यांशी गाठ पडते आणि दुपारच्या जेवणाआधी पोरी परत! “एवढ्यासाठी गेली होतीस?” या आजीच्या प्रश्नाला त्या पोरीने काय उत्तर द्यावे? दुसऱ्या बाजूच्या एखाद्या साधारण संघाला मात्र पुढे चाल मिळून तो न खेळताच पुढच्या फेरीत गेलेला असतो. यात कुणाची लबाडी नसते, असते ती फक्त चिठ्ठी. पण वर्षभराच्या घामाचा निकाल चिठ्ठीवर का लागावा?

हा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत महाविद्यालयांचे फुटबॉल म्हणजे केवढे प्रस्थ! (हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे, लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा त्यांचा खेळ.) तिथे अनेक दशके देशाचा विजेता मैदानावर ठरतच नसे. १९३६ पासून वार्ताहरांच्या मतदानातून क्रमवारी लागू लागली, आणि पहिला क्रमांक ज्याचा तो विजेता. कधी एका क्रमवारीने एकाला आणि दुसरीने दुसऱ्याला विजेता ठरवले, की वर्षभर भांडण! १९९८ पासून मतदान आणि संगणक यांच्या मदतीने पहिले दोन संघ निवडून त्यांचा सामना लावू लागले. २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी आली. तरी २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट या विद्यापीठाचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकूनही निवड समितीने त्या चारांत घेतला नाही. एकही सामना न हरता माणूस बाहेर! अखेर २०२४ पासून बारा संघांना बाद फेरीत जागा मिळाली. गंमत अशी, की त्या पहिल्याच वर्षी विजेता ठरला तो आठवे मानांकन असलेला ओहायो स्टेटचा संघ, बाद फेरीआधी दोन सामने हरलेला. जुन्या रीतीत त्याला कुणी विचारले नसते.

इतक्या लांब तरी कशाला जायचे? आपल्या रणजी करंडकाकडे पाहा. १९३४-३५ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली, ती निव्वळ बाद पद्धतीने. एक सामना हरला की मोसम संपला. १९५७-५८ पासून विभागवार साखळी आली, आणि त्याच मोसमात विदर्भाचा संघ या स्पर्धेत उतरला. पुढे गटांची मांडणी अनेकदा बदलली, पण आधी साखळी आणि मग बाद फेरी हा गाभा राहिला. विदर्भाला पहिला करंडक मिळायला साठ वर्षे लागली. २०१७-१८ च्या मोसमात उपान्त्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी विजय, आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक. पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून करंडक राखला.

मला मात्र या विजयांपेक्षा २०२३-२४ चा मोसम जास्त बोलका वाटतो. त्या वर्षी साखळीत नागपुरातच सौराष्ट्राने विदर्भाला ७८ धावांत गुंडाळले आणि सामना २३८ धावांनी जिंकला. बाद पद्धत असती तर विदर्भाचा मोसम त्या दिवशी संपला असता. पण साखळी होती. तोच संघ सावरला, गटातून पुढे आला आणि थेट वानखेडेवर मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात उभा राहिला. तिथे ५३८ धावांचा डोंगर समोर असताना अक्षय वाडकरच्या शतकासह ३६८ पर्यंत पोचून हरला. आणि त्यापुढच्या मोसमात, २०२५ च्या मार्चमध्ये, तिसऱ्यांदा करंडक घेऊन आला. हरलेल्याला उभे राहायला वेळ दिला तर काय होते, याचे याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याच मोसमात बाद फेरीचा लहरीपणाही दिसला. केरळचा संघ उपान्त्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरपुढे पहिल्या डावात २८१ विरुद्ध २८०, म्हणजे एका धावेच्या आघाडीवर तरला. उपान्त्य सामन्यात गुजरातविरुद्ध आघाडी दोन धावांची! शेवटच्या फलंदाजाचा फटका जवळ उभ्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. अंतिम सामना अनिर्णित राहून विदर्भ पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विजेता ठरला. नशीब बाद फेरीत असतेच, ते कुणी काढून टाकू शकत नाही. पण साखळीतले सात सामने पार करून आलेल्या संघाचे नशीब फिरले, तर त्याला हळहळ वाटते. पहिल्याच दिवशी फिरले, तर अन्याय वाटतो. फरक आहे तो एवढाच.

आता दुसरी बाजू. साखळीत जो सातत्याने उत्तम खेळला, त्याने बाद फेरीतल्या एका वाईट संध्याकाळी सारे का गमवावे? इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेत मुंबई सिटीने याची दोन्ही रूपे पाहिली. २०२२-२३ मध्ये साखळीत पहिला क्रमांक मुंबईचा, पण उपान्त्य फेरीत बेंगळुरूने पेनल्टींवर हरवले, आणि करंडक गेला तिसऱ्या क्रमांकावरच्या मोहन बागानकडे. पुढच्या वर्षी उलट : साखळीत पहिला मोहन बागान, आणि अंतिम सामन्यात कोलकात्यात जाऊन त्यांना ३-१ ने हरवून करंडक नेला मुंबईने. मात्र त्या स्पर्धेने २०१९-२० पासूनच एक शहाणपण दाखवले आहे. साखळीतल्या पहिल्या संघाला वेगळी ढाल मिळू लागली. सातत्याचा मान ढालीला, निर्णायक दिवसाच्या हिमतीचा मान करंडकाला. गावच्या स्पर्धेतही गटात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाला वेगळे बक्षीस ठेवायला कितीसा खर्च येतो?

आणखी एक आक्षेप जाणकार घेतात, आणि तो खरा आहे. साखळीत शेवटचे सामने कधी निरर्थक होतात, कधी संगनमताचे. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना १-० हा निकाल दोघांच्याही सोयीचा होता. दहाव्या मिनिटानंतरच जर्मनीचा गोल झाला आणि मग दोघांनीही चेंडू नुसता फिरवत वेळ काढला; घरी गेला तो बिचारा अल्जेरिया. त्यानंतर १९८६ पासून गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी खेळवायची रीत आली. आपल्याकडे दोन मैदाने आखलीच असतील, तर हा उपाय फुकटचा आहे.

राहता राहिला पैसा. बक्षिसांच्या याद्या मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. पहिल्या बक्षिसाचा आकडा दरवर्षी फुगतो, कारण फलकावर तो शोभतो. त्यातला थोडा भाग कमी करून तो दुसऱ्या मैदानाच्या दिव्यांवर, दोन जादा पंचांच्या मानधनावर आणि थांबलेल्या संघांच्या वरण-भातावर खर्च केला, तर विजेत्याच्या कीर्तीत काही उणे होणार नाही. शालेय स्पर्धांत तर तालुक्याच्या पातळीवर एक दिवस वाढवणे एवढाच प्रश्न आहे. विद्यापीठांच्या विभागीय स्पर्धांत अनेक खेळांमध्ये शेवटच्या चार संघांची साखळी होते, म्हणजे मोठ्यांना दुसरी संधी मिळते. ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज, त्या चौदा वर्षांच्या पोरांना मात्र मिळत नाही. हे उलटेच नाही का?

बाद फेरीचा थरार मला कमी लेखायचा नाही. लहानशा गावाने नामांकित संघाला लोळवावे आणि मैदान डोक्यावर घ्यावे, हा आनंद तिच्यातच आहे. ती राहावीच, पण शेवटी. जेवणात मिरची हवी, म्हणून कुणी पहिला घास मिरचीचा देत नाही.

येत्या हंगामात ज्या मंडळांच्या बैठका होतील, ज्या शाळांत क्रीडाशिक्षक कार्यक्रमपत्रिका आखायला बसतील, त्यांनी निदान एकदा, एका स्पर्धेपुरते, चार-चारांचे गट करून पाहावेत. पालकांनीही आपल्या मुलांच्या शाळेत हा विषय काढावा. कोण किती सामने जिंकला हे आपण विचारतोच. कोण किती सामने खेळला हेही आता विचारायला लागू या. खेळ शिकवतो तो हरायला, असे आपण मुलांना सांगतो. मग हरल्यानंतरचा सामनाही त्यांना खेळू द्यायला नको का?