आधी कंगवा, मग पाणी

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये संध्याकाळी लिफ्टपाशी एखादा शिह त्झू हमखास भेटतो. मूळ तिबेटकडचा, चीनच्या राजवाड्यांत वाढलेला आणि फ्लॅटमध्ये सहज रुळणारा. त्याचे केस मात्र घरातल्यांचं रोजचं काम असतं, आणि त्यातलं घरी न जमणारं काम ग्रूमरच्या टेबलावर जातं.

लॅब्राडॉरचा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो, गळतो, सोफाभर पसरतो. शिह त्झू, ल्हासा अप्सो, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर यांचा केस बराच काळ वाढतच राहतो. त्यातही शिह त्झू आणि ल्हासाला लांब केसांखाली मऊ, दाट असा दुसरा थर असतो. त्या थरातला गळलेला केस खाली पडत नाही, वरच्या केसांत अडकतो. त्याचा गुंता होतो आणि पुढे जट. कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली, म्हणजे जिथे जिथे घासलं जातं तिथे. पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येतात तो काळ, साधारण ८ ते १२ महिन्यांचा, सगळ्यांत कठीण.

गुंता दिसला की बरेच जण आधी आंघोळ घालतात. ओली झालेली जट वाळताना आणखी आवळते. म्हणून जाणता ग्रूमर पाण्याआधी कंगवा घेतो. एका हाताने केसांचा थर वर धरायचा, कातडी दिसेपर्यंत भांग पाडायचा, तेवढीच पट्टी स्लिकर ब्रशने मोकळी करायची, मग पुढचा थर. सगळं झाल्यावर स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत फिरवायचा. तो कुठेही अडला, तर काम अजून बाकी आहे. घरी ब्रश वरवर फिरतो, त्यामुळे वरून रेशीम आणि खाली नमदा अशी अवस्था होते. रोज ब्रश करणाऱ्यांच्या कुत्र्यालाही जटा का होतात, त्याचं कारण हेच.

जट कातडीला चिकटली, की टेबलापाशी एक संवाद ठरलेला असतो. “दादा, केस कापू नका हं, नुसते मोकळे करा.” “ताई, खूप ओढावं लागेल, त्याला दुखेल. केस काय, परत येतील.” माझं मत पूर्णपणे त्या दादांच्या बाजूने आहे. अशा वेळी जटेच्या खालून मशीन घालतात, बहुधा १० नंबरचं ब्लेड, जे साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं. ब्लेडचा नंबर जितका मोठा तितका केस बारीक. चालून चालून ब्लेड तापतं, म्हणून मधूनमधून ते स्वतःच्या मनगटाला लावून बघायची सवय हातात मुरलेली असावी लागते. कानावरची घट्ट जट निघाली की कुत्रा जोरजोरात कान झटकतो, आणि कधी त्यात रक्त साकळून कान फुगतो. हे मालकाला काम सुरू करण्याआधी सांगणारा ग्रूमर माझ्या लेखी खरा कारागीर.

जटेखाली काय निघेल सांगता येत नाही: लालसर कातडी, ओली जखम, बोटांच्या बेचक्यात दडलेली गोचीड. आपल्याकडे गोचिडांतून होणारा टिक फिव्हर जिवावर बेततो, आणि अंगावरची गोचीड कित्येकदा आधी ग्रूमरलाच सापडते. औषध देणं त्याचं काम नाही. “आजच डॉक्टरांना दाखवा” हे सांगणं नक्की आहे.

पहिल्यांदा कुत्रा सोपवताना एक प्रश्न संकोच न करता विचारावा: ड्रायर हातात धरून वापरता, की पिंजऱ्याला लावून? शिह त्झूचं नाक चपटं असल्यामुळे धापा टाकून अंग थंड करणं त्याला नीट जमत नाही. बंद पिंजऱ्यातली गरम हवा त्याचा जीव घेऊ शकते. उत्तर गुळमुळीत आलं, तर कुत्रा घेऊन परत यावं.

आपणही नीट सांगायला शिकलं पाहिजे. “थोडे छोटे करा” याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. लांबी बोटाच्या पेरावर दाखवावी किंवा फोटो न्यावा. तळव्यातले केस काढायला आवर्जून सांगावं, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. आणि उन्हाळा आला म्हणून पॉमेरेनियनला गोटा करा, असा हट्ट धरू नये. त्या जातीत मशीन फिरवल्यावर काहींचे केस महिनोन्‌महिने येत नाहीत, आले तरी पहिल्यासारखे नसतात. गिऱ्हाईक तुटेल म्हणून न घाबरता त्याला नाही म्हणणाऱ्या ग्रूमरकडे मी निर्धास्तपणे कुत्रा सोडेन.

लांब केस ठेवायचे तर रोज विंचरणं आलं. तेवढा वेळ नसेल, तर आखूड कट बरा, पण त्यालाही ४ ते ६ आठवड्यांनी टेबल लागतंच. पिल्लाच्या लसी पूर्ण झाल्या, की पहिल्या खेपेला नुसतं टेबलावर उभं करून ड्रायरचा आवाज ऐकवावा. म्हाताऱ्या कुत्र्याला फार वेळ उभं राहवत नाही. त्याची आंघोळ एका दिवशी, कटिंग दुसऱ्या दिवशी करावं, बसू द्यावं, आणि ग्रूमरने दोन खेपांचे पैसे मागितले तर ते आनंदाने द्यावेत.