आत्याचा नंबर दिला कोणी?

माझ्या आत्याने सत्तरीत पहिल्यांदाच एका समाजमाध्यमावर खातं उघडलं. नाव टाकलं, मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला. फोटो नाही, गाव नाही, शाळा नाही. फोनमधले नंबर बघू का, या प्रश्नाला तर तिने ठणकावून 'नाही' म्हटलं होतं. तरी पुढच्याच मिनिटाला ओळखीच्या माणसांची यादी हजर: गुडघ्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई, दूधवाला, भिशीतल्या दोघी आणि नागपूरची जाऊ, जिच्याशी अकरा वर्षं बोलणं नाही.

"मी तर काहीच सांगितलं नाही रे याला," आत्या म्हणाली. "मग चुगली केली कोणी?"

चुगली आपण सगळे मिळून करतो. नवं ॲप 'कॉन्टॅक्ट्स'ची परवानगी मागतं, आपण घाईत 'अलाऊ' दाबतो आणि फोनमधली यादीच्या यादी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकते. आत्याचा नंबर अशा दहा जणांच्या यादीत असेल, तर तिने खातं उघडण्याआधीच त्या नंबरापर्यंत दहा रेघा येऊन थांबलेल्या असतात. गणितात याला ग्राफ म्हणतात. माणूस म्हणजे ठिपका, ओळख म्हणजे रेघ. ठिपक्यांच्या रांगोळीत एखादा ठिपका द्यायचा राहिला, तरी भोवतालच्या रेषांवरून तो कुठे हवा होता हे कळतंच. आत्याने राहिलेला ठिपका तेवढा भरला.

त्यातून आपण नंबर सेव्ह कसे करतो पाहा. 'काकू गुडघा', 'भिशी मंगळवार', 'भाडेकरू जुने'. यादीबरोबर ही नावंही गेली, तर त्यात दुखणं आलं, पैसा आला, घर आलं.

काही ॲप नंबर जसाच्या तसा न पाठवता 'हॅश' करून पाठवतात, म्हणजे त्याचा असा भुगा करतात की त्यातून मूळ आकडे परत जुळवता येऊ नयेत. ऐकायला भक्कम वाटतं. पण भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो. म्हणजे शक्यता फार तर 400 कोटी. साध्या हॅशच्या बाबतीत या सगळ्या नंबरांचा भुगा आधीच करून ठेवायचा आणि आलेला भुगा त्याच्याशी ताडून बघायचा. आजच्या संगणकाला हे काम काही मिनिटांचं आहे.

दुसऱ्याच्या होकाराने आपली माहिती किती जाते, याचा सगळ्यात बोलका हिशेब 2018 च्या एप्रिलमध्ये फेसबुकनेच दिला. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणातलं व्यक्तिमत्त्व चाचणीचं ॲप भारतात अवघ्या 335 जणांनी घेतलं होतं. मात्र ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती असे त्यांचे मित्र निघाले 5,62,120. भागाकार केला तर माणशी जवळजवळ 1,678. यातल्या एकालाही कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतः ते ॲप घेतलंही नव्हतं, पण वाट मित्राच्या अंगणातून होती. ॲपना मित्रांची माहिती अशी घाऊक देणं फेसबुकने 2015 मध्ये बंद केलं.

ते दार बंद झालं तरी अंदाज बांधायला कोण अडवणार? अमेरिकेतल्या व्हरमाँट आणि ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2019 मध्ये ट्विटरवरचे सुमारे 3 कोटी संदेश तपासले. एखादी व्यक्ती पुढे कोणते शब्द लिहील याचा अंदाज तिच्या लिखाणावरून जितका नेमका बांधता येतो, जवळपास तितकाच तिच्या आठ-नऊ परिचितांच्या लिखाणावरून येतो, असं त्यांच्या हिशेबात निघालं. तिचं स्वतःचं एक अक्षर न वाचता!

म्हणून 'प्रोफाइल लॉक केलंय, आता काळजी नाही' हे मला अर्धवट वाटतं. कुलूप परक्या माणसांसाठी असतं. कंपनी आतच बसलेली असते. तरी करण्यासारखं थोडं आहे. मित्रयादी लपवावी, कारण रांगोळीच्या रेषा तिथेच दिसतात. ॲपच्या सेटिंगमध्ये कॉन्टॅक्ट अपलोड बंद करावं आणि आधी चढवलेली यादी पुसण्याची सोय असेल तर ती शोधावी. परवानगी नुसती काढून घेतल्याने चढलेली यादी आपोआप उतरतेच असं नाही. आयफोनवर 2024 पासून सगळ्या यादीऐवजी निवडक नंबर देता येतात. कायद्याकडून मात्र इथे फार आशा नको. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कंपन्यांना संमतीची अट घालतो, पण माणसाने घरगुती, खासगी कारणासाठी ठेवलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे. भाच्याच्या फोनमधली आत्या कायद्याला दिसत नाही.

त्या रात्री माझा फोन उघडला. त्याच माध्यमाची परवानगी चालू, बहुधा ॲप घेतलं तेव्हापासून. यादीत आत्या होती, भिशीतली एक होती, आणि आत्याची ती जाऊ, म्हणजे नागपूरची काकूही होती. दुसऱ्या दिवशी आत्याला कबुली दिली: चुगलखोर मीही असेन. नाहीतर काकूच्या फोनमधूनही ती रेघ आली असेल, हे बाहेरून सांगता येत नाही.

आत्याने पहिली शक्यता ऐकलीच नाही बहुतेक. चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "म्हणजे माझा नंबर तिने अजून काढलेला नाही म्हणायचा."