लोकरीची निगा

विणायला बसलेल्या नवशिक्या मैत्रिणी टाक्यांना भितात. पण मला विचाराल तर निम्मे काम लोकर हाताळण्यातच आहे. स्वेटरची सारी लोकर एकदमच घ्यावी आणि वेष्टनावरचा लॉट क्रमांक जुळवावा. नाहीतर बाही एका छटेची, पाठ दुसऱ्या छटेची होते. लडी खुर्चीच्या पाठीवर चढवून गुंडा सैलच करावा. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणली जाते, धुतल्यावर आखडते आणि धाकट्या भावाचा स्वेटर तोकडा पडतो! नवा धागा ओळीच्या सुरुवातीलाच जोडावा. 15 सेंटिमीटर टोक सोडून ते मागून ओवावे. उसवलेल्या लोकरीची लडी कोमट पाण्यातून काढून सावलीत वाळवली, की वळ्या जातात. उसवलेले वाया जात नाही, हे मी पक्के धरले आहे. म्हणूनच हात धीट होतो.