टाइम मशीनचा इतिहास घर बदलतो तेव्हा

मॅक संगणकाच्या बॅकअपसाठी काही वर्षे वापरलेली एक्सटर्नल हार्ड डिस्क उघडली, की तिच्यात ‘बॅकअप्स.बॅकअपडीबी’ नावाचे एक फोल्डर सापडते. त्याच्या आत संगणकाच्या नावाचे फोल्डर आणि त्याच्याही आत तारीख-वेळ हेच नाव असलेल्या फोल्डरांची लांबलचक रांग. त्यातले कोणतेही उघडावे. त्या तारखेला, त्या वेळी संगणकावर जे जे होते ते सगळे तिथे जसेच्या तसे मांडलेले दिसते. अशा शंभर तारखा असतील, तर शंभर वेळा संपूर्ण संगणक. मूळ संगणकात ३०० गिगाबाइट माहिती असेल, तर साध्या गुणाकाराने हा ऐवज ३० टेराबाइटचा होतो. तरीही तो एका टेराबाइटच्या डिस्कमध्ये मावतो आणि पुष्कळदा जागा उरतेही.

ही ‘टाइम मशीन’ची किमया. ती खऱ्या अर्थाने उलगडते, ती हा सगळा इतिहास त्या डिस्कवरून उचलून नेटवर्कवरच्या साठवणीत, म्हणजे ‘नॅस’वर, न्यायची वेळ येते तेव्हा. कारण या बॅकअपमध्ये फायलींइतकेच महत्त्व त्यांच्या आपसांतल्या नात्यांना आहे. फायली हलवणे सोपे असते. नाती शाबूत ठेवून त्या हलवणे हे संगणकशास्त्रातले एक सुंदर कोडे आहे.

एक माहिती, अनेक नावे

ॲपलने टाइम मशीनची घोषणा ऑगस्ट २००६ मध्ये केली आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी मॅक ओएस एक्स १०.५ ‘लेपर्ड’बरोबर ते लोकांच्या हाती आले. त्यामागची मूळ कल्पना मात्र बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स प्रणालीतली आहे. युनिक्समध्ये फाइलचे नाव आणि फाइलमधली माहिती या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. माहितीची नोंद ‘आयनोड’ नावाच्या खात्यात असते आणि नाव हे त्या खात्याकडे बोट दाखवते. एका आयनोडकडे कितीही नावे बोट दाखवू शकतात. अशा प्रत्येक नावाला ‘हार्ड लिंक’ म्हणतात. सातबारा उताऱ्यावर एकाच गटापुढे चार खातेदारांची नावे असावीत, तसे हे आहे: त्यातले एखादे नाव कमी झाले म्हणून जमीन नाहीशी होत नाही. शेवटचे नाव पुसले जाते, तेव्हाच डिस्कवरची जागा मोकळी होते.

टाइम मशीन प्रत्येक बॅकअपच्या वेळी नव्या तारखेचे फोल्डर तयार करते. बदललेल्या फायलींची त्यात खरी प्रत पडते. न बदललेल्या फायलींसाठी मागच्याच प्रतीला आणखी एक नाव दिले जाते. त्यामुळे प्रत्येक तारीख पूर्ण दिसते आणि पूर्ण असतेही, पण जागा खर्च होते ती फक्त फरकापुरती. म्हणूनच सर्वांत जुनी तारीख पुसली, तरी नंतरच्या तारखांना धक्का लागत नाही.

ॲपलचे अभियंते आणखी एक पाऊल पुढे गेले. युनिक्सच्या परंपरेत फोल्डरला हार्ड लिंक देण्यास मनाई असते. फोल्डर स्वतःच्याच पोटात शिरले, तर ते वाचणारा प्रोग्रॅम गोल गोल फिरत राहील, ही त्यामागची रास्त भीती. लेपर्डमध्ये ॲपलने आपल्या ‘एचएफएस प्लस’ या १९९८ पासूनच्या फाइल सिस्टिममध्ये, काही कडक अटी घालून, फोल्डरांच्या हार्ड लिंकला परवानगी दिली. आता दहा हजार फोटोंच्या फोल्डरमध्ये काहीच बदललेले नसेल, तर दहा हजार नावे लिहिण्याऐवजी एकच लिंक पुरू लागली.

काय बदलले हे शोधायलाही सारी डिस्क चाळावी लागत नाही. ‘एफएसइव्हेंट्स’ नावाची यंत्रणा कोणत्या फोल्डरमध्ये हालचाल झाली, याची रोजनिशी सतत लिहीत असते. टाइम मशीन ती वाचते आणि नेमके तिथेच पाहते. त्यामुळेच दर तासाला बॅकअप घेणे परवडते. शेवटच्या २४ तासांचे तासागणिक, गेल्या महिन्याचे दिवसागणिक आणि त्याआधीचे आठवड्यागणिक बॅकअप जपले जातात. डिस्क भरत आली, की सर्वांत जुने आधी जातात.

परक्या जमिनीवरची पेटी

नॅस म्हणजे घरच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कला जोडलेला, साठवणीसाठीच वाहिलेला छोटा संगणक. त्यात बहुधा लिनक्स चालते आणि डिस्कवर ‘एक्स्ट४’, ‘बीटीआरएफएस’ किंवा ‘झेडएफएस’ यांसारखी फाइल सिस्टिम असते. यांपैकी कोणालाच ॲपलच्या फोल्डर-लिंक कळत नाहीत. मग इतक्या नाजूक नात्यांचा संसार तिथे मांडायचा कसा?

उत्तर आहे ‘स्पार्स बंडल’. नॅसवर टाइम मशीन आपली एक आभासी डिस्क तयार करते. मॅकला ती एचएफएस प्लसची खरीखुरी डिस्क वाटते. नॅसला मात्र त्या जागी एक फोल्डर आणि त्यात ठरावीक आकाराच्या अनेक फायली दिसतात. या फायलींना ‘बँड’ म्हणतात. मूळ रचनेत प्रत्येक बँड ८ मेगाबाइटचा असून त्यांची नावे षोडशमान पद्धतीने चालतात: ० ते ९, मग ए ते एफ, मग १०, ११ आणि पुढे. एक टेराबाइट भरायला असे सुमारे १,२०,००० बँड लागतात.

या रचनेचे दोन मोठे फायदे आहेत. डिस्कचा जो भाग वापरात आला, त्याचेच बँड अस्तित्वात येतात, म्हणून पेटी गरजेनुसार वाढते. शिवाय आत एखादी छोटी फाइल बदलली, तर तिच्याशी संबंधित बँड तेवढे बदलतात. टेराबाइटभर माहिती पुन्हा लिहावी लागत नाही. नॅसला आत काय आहे, हे कळण्याची गरजच उरत नाही.

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने या पेटीचे एक खास महत्त्व आहे. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतल्या ‘ऱ’ला युनिकोडमध्ये स्वतःचा स्वतंत्र क्रमांक आहे. एचएफएस प्लस मात्र फायलींची नावे सुटी करून साठवते, म्हणजे ‘ऱ’चे ‘र’ आणि खालचा नुक्ता असे दोन भाग करते. लिनक्सवरच्या एक्स्ट४ मध्ये नाव जसे येते तसेच बाइट-बाइट ठेवले जाते. म्हणून ‘कोकणातल्या दऱ्या’ हे फोल्डर थेट नॅसवर कॉपी केले, तर डोळ्यांना सारखी दिसणारी पण यंत्राच्या लेखी वेगळी असलेली दोन नावे शेजारी शेजारी नांदू शकतात. स्पार्स बंडलच्या आत नावे एचएफएस प्लसच्याच नियमाने राहतात, त्यामुळे हा घोळ होत नाही.

दोन बाजूंचे पूल

फेब्रुवारी २००८ मध्ये ॲपलचे ‘टाइम कॅप्सूल’ बाजारात आले. वाय-फाय राउटर आणि बॅकअपची डिस्क एकाच डब्यात, ५०० गिगाबाइट किंवा १ टेराबाइट क्षमतेची. तेव्हा मॅक आणि नेटवर्कवरची डिस्क यांच्यात संवाद चाले तो ‘एएफपी’ या ॲपलच्या शिष्टाचारातून. इतर कंपन्यांच्या नॅसवर तो ‘नेटाटॉक’ या मुक्त सॉफ्टवेअरने बोलला जाई. पुढे ॲपल स्वतःच ‘एसएमबी’कडे वळले. २०१३ च्या ‘मॅव्हरिक्स’पासून मॅकवर फाइल शेअरिंगचा तोच पहिला पर्याय झाला. एप्रिल २०१८ मध्ये टाइम कॅप्सूलची निर्मिती थांबली आणि मे २०२५ मध्ये मॅकओएस १५.५ बरोबर ॲपलने एएफपी भविष्यात काढून टाकणार असल्याचे जाहीर केले.

लिनक्सच्या बाजूने एसएमबी बोलणारे सॉफ्टवेअर म्हणजे ‘सांबा’. त्याची सुरुवात ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी केली. बदललेला भागच पाठवणारे ‘आरसिंक’ हे प्रसिद्ध साधनही ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचेच, १९९६ सालचे. मार्च २०१८ मध्ये आलेल्या सांबा ४.८ ने टाइम मशीनला थेट आधार दिला. आज बाजारातल्या बहुतेक नॅसवर ‘टाइम मशीनसाठी वापरा’ अशी खूण करता येते, तिच्यामागे अशी मुक्त सॉफ्टवेअरमधली अनेकांची मेहनत उभी आहे.

प्रत्यक्ष स्थलांतर

जुन्या डिस्कवरचे फोल्डर उचलून नॅसवर टाकले तर काय होईल? हार्ड लिंक न ओळखणारा प्रोग्रॅम प्रत्येक नावाला वेगळी फाइल समजेल आणि एका माहितीच्या शंभर प्रती करत सुटेल. एका टेराबाइटमधला इतिहास ३० टेराबाइटच्या वाटेला लागेल. आरसिंकला फायलींच्या हार्ड लिंक जपायला सांगता येते, पण फोल्डरांच्या लिंक त्याच्याही आवाक्यातल्या नाहीत.

म्हणून खात्रीची वाट वेगळी आहे: फायली न मोजता डिस्कचे ठोकळेच जसेच्या तसे उतरवणे. एचएफएस प्लसवरच्या बॅकअपसाठी ती अशी:

१. टाइम मशीनचा आपोआप होणारा बॅकअप बंद करावा आणि ‘डिस्क युटिलिटी’मधल्या ‘फर्स्ट एड’ने जुनी डिस्क तपासून घ्यावी. बिघडलेल्या रचनेची प्रतही बिघडलेलीच निघते.

२. नॅसवर बॅकअपसाठी वेगळे शेअर करून त्याला जागेची मर्यादा घालावी. टाइम मशीन मिळेल तेवढी जागा व्यापते.

३. नॅसवर नवा बॅकअप सुरू करावा आणि स्पार्स बंडल तयार होताच थांबवावा. अशा रीतीने पेटी योग्य ओळखीसह जन्माला येते.

४. ते बंडल दोनदा क्लिक करून उघडावे, म्हणजे आतली आभासी डिस्क समोर येते. ‘डिस्क युटिलिटी’तील ‘रिस्टोअर’ वापरून जुनी डिस्क तिच्यावर उतरवावी. आभासी डिस्कवर आधी असलेले सारे यात पुसले जाते, म्हणून कोणती डिस्क स्रोत आणि कोणती लक्ष्य, हे दोनदा पाहून घ्यावे.

५. काम संपले की बंडल इजेक्ट करावे आणि टाइम मशीनमध्ये नॅस हेच बॅकअपचे ठिकाण निवडावे.

यात वेळ किती जातो, हे तारेवर ठरते. एक गिगाबिटच्या इथरनेट केबलवरून सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट जाऊ शकतात, म्हणजे एक टेराबाइटला अडीच तास. वाय-फायवर सेकंदाला २५ मेगाबाइट मिळाले, तर तेच काम अकरा तासांवर जाते. प्रत्यक्षात डिस्कचा आणि नॅसचा वेग यांमुळे आकडे आणखी वाढतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मध्येच संपर्क तुटला, तर बंडलची आतली रचना बिघडू शकते. म्हणून संगणक केबलने जोडावा, तो झोपी जाऊ देऊ नये आणि नॅस व राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवावेत.

हा इतिहास कोणाचा?

सगळे उतरले तरी एक प्रश्न उरतो. टाइम मशीन प्रत्येक बॅकअपवर मालकाची खूण ठेवते. सुरुवातीच्या काळात ही खूण म्हणजे संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता होता. नंतर बंडलमधल्या एका छोट्या फाइलमध्ये संगणकाची कायम ओळख लिहिली जाऊ लागली. ती जुळली नाही, तर समोर वर्षांचा इतिहास असूनही टाइम मशीन नव्याने सुरुवात करते.

त्यासाठी टर्मिनलमध्ये चालणारे ‘टीएमयूटिल’ हे साधन आहे. त्याची ‘इनहेरिटबॅकअप’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने दिली, की सध्याचा संगणक त्या जुन्या इतिहासाचा धनी होतो. मूळ संगणकाची डिस्क बदललेली असेल, तर ‘असोसिएटडिस्क’ ही आज्ञा जुन्या नोंदींचे नव्या डिस्कशी नाते जोडते. यानंतरचा पहिला बॅकअप बराच वेळ घेऊ शकतो. रोजनिशीवर विसंबता येत नसल्याने टाइम मशीन सारी डिस्क एकदा स्वतः पडताळून पाहते. ती पडताळणी मध्येच थांबवू नये.

नव्या पिढीची रचना

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘बिग सर’ने टाइम मशीनचा पाया बदलला. नवे बॅकअप ‘एपीएफएस’ या फाइल सिस्टिमवर जातात आणि तिथे हार्ड लिंकांच्या जाळ्याऐवजी ‘स्नॅपशॉट’ असतात. स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची एका क्षणाची गोठवलेली स्थिती. त्यानंतरचे बदल नव्या जागी लिहिले जातात आणि जुने ठोकळे हात न लावता राखले जातात. नॅसवर पेटी तीच, स्पार्स बंडलची. आतली डिस्क मात्र एपीएफएसची.

ही रचना वेगवान आहे, पण स्नॅपशॉटची ही मालिका फाइंडरमधून ओढून दुसऱ्या डिस्कवर नेता येत नाही. एचएफएस प्लसवरचा जुना बॅकअप आपोआप एपीएफएसचाही होत नाही. म्हणून एपीएफएसवरच्या बॅकअप-डिस्कसाठी सुज्ञ मार्ग हाच, की नॅसवर नवी सुरुवात करावी आणि जुनी डिस्क तारखांचे लेबल लावून जपून ठेवावी. तिच्यातला इतिहास मॅकला जोडताच वाचता येतो.

स्थलांतर पुरे कधी होते

नॅसमध्ये दोन डिस्क एकमेकींचे प्रतिबिंब राखत असल्या, तरी ते संरक्षण एखादी डिस्क निकामी होण्यापुरते आहे. चोरी, आग, विजेचा झटका किंवा चुकून दिलेली पुसण्याची आज्ञा दोन्ही डिस्कना एकदमच गाठते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ नियम म्हणूनच पाळण्याजोगा आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. स्थलांतरानंतर रिकामी करावीशी वाटणारी जुनी डिस्क या नियमात आपसूक बसते. ती लगेच पुसू नये. नातेवाइकांच्या घरी ठेवावी.

शेवटी एक परीक्षा जरूर घ्यावी. टाइम मशीनमध्ये शिरून नॅसवरच्या सर्वांत जुन्या तारखेपर्यंत जावे. तिथली एक फाइल, शक्यतो आज संगणकावर नसलेली, निवडून परत आणावी आणि उघडून पाहावी. मधल्या एखाद्या तारखेची दुसरी फाइलही तशीच तपासावी. दोन्ही उघडल्या, तर फायलींबरोबर त्यांची नातीही नव्या जागी पोचली आहेत असे मानायला आधार मिळतो. ही परीक्षा होईपर्यंत प्रगतीची पट्टी शंभर टक्के दाखवत असली, तरी काम पुरे झाले असे समजू नये.