तगरपुराचे अधीश्वर

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना काही ताम्रपट हाती आले. शिलाहार राजा अरिकेसरी याने शके ९३९ मध्ये दिलेल्या त्या दानपत्राचे भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातील तगर या नगराच्या उल्लेखाने विद्वानांपुढे जे कोडे टाकले, ते उलगडण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. ज्याचा सारा मुलूख सह्याद्रीच्या पश्चिमेस, त्या कोकणाधिपतीने घाटमाथ्यापलीकडच्या, आपल्या अंमलात नसलेल्या नगराचे स्वामित्व बिरुदावलीत का मिरवावे?

तगराचे नाव पाश्चात्त्यांना अपरिचित नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’च्या ग्रीक कर्त्याने पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले फार मोठे नगर असे त्याचे वर्णन केले असून, तेथील जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, हेही नमूद केले आहे. परंतु हे नगर कोणते, याविषयी एकमत होईना. विल्फर्डने देवगिरीकडे बोट दाखविले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरचा पक्ष घेतला, तर रा. गो. भांडारकरांचा कल धारूरकडे होता. अखेर १९०१ साली फ्लीट याने निजामाच्या मुलखातील, तेरणाकाठचे तेर हेच प्राचीन तगर होय असे प्रतिपादन केले. आणि वारकऱ्यांना गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक असलेले हे खेडे इतिहासाच्या दफ्तरात पुन्हा दाखल झाले.

पुढे भूमीनेच या निर्णयास पुष्टी दिली. त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असून वर गजपृष्ठाकृती छत आहे. पुढचा मंडप नंतरचा, आणि मूळ वास्तू बौद्ध चैत्य असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. येथील प्राचीन विटा इतक्या सच्छिद्र व हलक्या की पाण्यात टाकल्यास त्या तरंगतात. चापेकरांनी १९५८ मध्ये केलेल्या उत्खननातून सातवाहनकालीन वस्तीचे थर उजेडात आले. आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची जी स्त्रीमूर्ती आहे, तिचे साम्य इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे.

नगर सापडले, घराण्याचे काय? शिलाहारांच्या तीनही शाखा, म्हणजे उत्तर कोकणची, दक्षिण कोकणची आणि कोल्हापूरची, आपला वंश विद्याधर जीमूतवाहनापर्यंत नेतात. नागाच्या जागी वध्यशिलेवर स्वतःस गरुडाच्या स्वाधीन करणारा हा पुण्यपुरुष कथेतला. तेव्हा त्या वंशावळीस इतिहासाचे मोल देता येत नाही. तथापि कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात नील व महानील हे विद्याधर बंधू स्वदेशाला मुकून तेरापुरी आले व तेथे राज्य करू लागले अशी जी कथा आहे, ती धाराशिवच्या लेण्यांच्या परिसराशी निगडित असल्याने, विद्याधर आणि तेर यांचा संबंध केवळ शिलाहारांच्या दरबारी कवींनी जुळविला असे म्हणता येत नाही.

शिलाहारांच्या मूळस्थानाविषयी मुख्य साक्षीदार ते स्वतःच, आणि स्वतःच्या कुळाविषयी राजांनी दिलेली साक्ष पारखूनच घ्यावी लागते. ती पारखण्याचे साधन त्यांच्या लेखांतच आहे. राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून कपर्दीचे कुळ उत्तर कोकणात स्थिरावले. कोल्हापूरचे घराणे पुढे महालक्ष्मीच्या वरप्रसादाचा अभिमान बाळगीत पन्हाळ्याच्या आश्रयाने नांदले. प्रदेश निराळे, राजकारण निराळे, आराध्यही निराळे. असे असूनही तगरपुराचे आधिपत्य दोघांच्याही बिरुदांत आहे. जमीन हातची गेली तरी वतनदार सनद सोडीत नाही, त्याप्रमाणे दोन्ही घरांनी एकच जुना दावा जतन केला, याचा अर्थ तो शाखाभेदापूर्वीचा असला पाहिजे.

तगरास त्यांचे पूर्वज सार्वभौम होते, एवढे मात्र यातून सिद्ध होत नाही. सातवाहनांनंतर वैभव ओसरत चाललेल्या त्या व्यापारी नगरात ते कदाचित स्थानिक अधिकारी असतील, कदाचित नुसते प्रतिष्ठित रहिवासी. नव्या मुलखात सत्ता मिळाल्यावर जुन्या गावाच्या नावास अधीश्वरपदाची झालर लागणे दक्षिणेतील राजकुळांच्या रीतीस धरूनच होते. कोल्हापूरच्या दुसऱ्या भोजाचा यादव सिंघणाने तेराव्या शतकाच्या आरंभी पाडाव केला आणि त्याच शतकात यादव महादेवाने उत्तर कोकणच्या सोमेश्वराचेही राज्य बुडविले. यादवांनी त्यांचे राज्य घेतले; पण तगराशी असलेले नाते, ज्याला जमिनीचा आधार पूर्वीच उरला नव्हता, ते घेण्याजोगे नव्हते. शिलाहार तेरहून निघाले असे मानण्यास आधार आहे, तेरवर त्यांनी राज्य केले असे मानण्यास नाही; आणि या दोहोंतील भेद राखूनच त्यांच्या इतिहासाचे पहिले पान लिहिले पाहिजे.