ओव्याचा वास

कोंबडीशी आम्हां मराठीच्या अध्यापकांचा संबंध ताटापुरता. तोही वार पाहून! तरीही गेल्या मे महिन्यात गावी पुतण्याच्या शेडमध्ये मी नाक दाबून शिरलो, तो ओळखीचा वास आला. ओव्याचा!

“काय रे, कुणाचे पोट दुखते?”

“दुखू नये म्हणूनच, काका. पाच हजार पोटे आहेत!”

ओवा, लसूण आणि हळद यांची पूड तो खाद्यात मिसळत होता. पूर्वी त्या जागी अँटिबायोटिकची पुडी असे. आजारी पक्ष्यांपुरती नव्हे. सरसकट सगळ्यांना, रोज, चिमूटभर.

ही प्रथा अमेरिकेतली. १९४८ च्या सुमारास स्टोकस्टॅड व ज्यूक्स हे शास्त्रज्ञ कोंबड्यांच्या खाद्यात ब-१२ जीवनसत्त्वासाठी ऑरिओमायसिन काढून उरलेला चोथा घालून पाहत होते. पिल्ले भराभर वाढली, आणि औषध खाद्यात शिरले! पण रोजच्या चिमटीने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात; आणि त्यांना शेडच्या भिंती अडवीत नाहीत. स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने २००६ मध्ये वाढीसाठी अशी औषधे देणे बंद केले. खाण्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना कोलिस्टिन देण्यास भारतात २०१९ मध्ये मनाई झाली.

पुतण्याला शहाणे केले ते मात्र या इतिहासाने नव्हे. दोन वर्षांपूर्वी माझी आई, म्हणजे त्याची आजी, तापाने अंथरुणाला खिळली होती. तीन औषधे बदलली, डॉक्टर म्हणाले, “जंतू दाद देत नाहीत.” ते जंतू कुठले, कोण सांगणार? “पण त्या रात्री मला माझी पुडी आठवली,” तो म्हणाला.

मग ओव्याने सगळे साधते काय? ओव्यातले थायमॉल, ठेचलेल्या लसणातले ॲलिसिन कित्येक जंतूंना आवर घालते. पचनालाही हातभार लागतो. परंतु जमीन आणि हंगाम बदलला की ओव्याचा कसही बदलतो. पुतण्याच म्हणाला, “काका, खालचे भाताचे तूस कोरडे ठेवले, पाण्याच्या नळ्या धुतल्या, गर्दी कमी केली, लस चुकवली नाही. मरतूक घटली. त्यात ओव्याचा वाटा किती, कसे सांगू?” पक्षी खरोखर आजारी पडलाच, तर पशुवैद्य सांगतील ते औषध तो आजही देतो.

बरी झालेली आई ओटीवर ओवा निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, “औषध आजाऱ्याला द्यावे रे. रोज वाढायचे ते अन्न!”

रात्री ताट आले. वार आडवा येत नव्हता. मी निःशंकपणे जेवलो.